पडद्यापुढें बसलेलें कुटुंब

(मननासाठीं पाठ : स्तोत्र १०१, वचनें २ व ३, अनुवाद ६:६, ७, १ थेस्सलनीकाकरांस ५:२१)



दावीद राजानें एकशें एकाव्या स्तोत्रांत देवाशीं एक निश्चय केला आहे. तो निश्चय रणांगणाविषयीं नाहीं, दरबाराविषयींहि प्रथम नाहीं. तो स्वतःच्या घराविषयीं आहे. मी आपल्या घरांत सरळ मनानें वागेन व कोणतीहि नीच गोष्ट आपल्या डोळ्यांपुढें ठेवणार नाहीं, असा त्याचा भावार्थ आहे. ह्यांत दोन शब्द ध्यानांत धरण्याजोगे आहेत : घर आणि डोळे. मनुष्याचा धर्म खरा कीं दिखाऊ, हें दाराच्या आंत कळतें. आणि मन बिघडतें तें पुष्कळदां डोळ्यांच्या वाटेनें बिघडतें. दावीदाला हें अनुभवानें ठाऊक होतें. राजवाड्याच्या धाब्यावरून एका संध्याकाळीं त्यानें जें पाहिलें, त्यापासून व्यभिचार व खून हीं दोन्हीं पापें घडलीं, हें शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत आपण वाचितों.

दावीदाला पाहण्यासाठीं धाब्यावर जावें लागलें. आज तें धाबें प्रत्येकाच्या तळहातावर आलें आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत ह्या आपल्या पांचहि तालुक्यांत सोयाबीनची रास झाल्यावर, किंवा हळद शिजवून, वाळवून बाजारांत पोंचविल्यावर, थकलेलीं माणसें रात्रीं जेवून बसतात, तेव्हां टीव्ही अथवा मोबाइल लागतो. त्यावर केवळ आपल्या देशांतलींच चित्रें दिसतात असें नाहीं. अमेरिकेंतील व इंग्लंडांतील चित्रपट आणि मालिका हिंदी बोलत आपल्या ओसरीवर येऊन बसतात.

ह्यावरून घराघरांत दोन पक्ष झाले आहेत. वडील म्हणतात, हें सारें विष आहे, बंद करा. मुलगा म्हणतो, ही करमणूक आहे, हिच्यांत पाप तें काय? वडील रागानें उठून जातात, मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यांत जातो, आणि आई दोघांच्या मध्यें गप्प बसते. पडद्यावरील चित्र तीन तासांत संपतें. परंतु बापलेकांमधील अबोला महिनेच्या महिने राहतो. म्हणून ह्या विषयाकडे क्षुल्लक म्हणून पाहूं नये. ह्याविषयीं तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट : निर्मळ आनंद हा देवाचें दान आहे.

आपला प्रभु काना गांवीं लग्नास गेला, आणि त्याचें पहिलें चिन्ह त्यानें तेथेंच केलें. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत घरांतून वाजंत्र्यांचा आवाज ऐकून बाहेर रुसून बसलेला तो थोरला भाऊ होता. बाप आंत होता. जो मनुष्य कुटुंबाच्या प्रत्येक हंसण्याकडे संशयानें पाहतो, त्यानें आपण कोणाच्या जागीं उभे आहों ह्याचा विचार करावा.

एकत्र बसून पाहणें व ऐकणें ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाहीं. ज्या नर्सीला नामदेवांचें जन्मस्थान म्हणून लोक मानितात, ती आपल्याच जिल्ह्यांत आहे. ह्या भागांतील माणसें पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनाला म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत एकत्र बसत आलीं आहेत. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेलाहि घरचीं सारीं मिळून जातात. मागल्या काळीं उपदेशक खेडोपाडीं कंदिलाचीं चित्रें पांढऱ्या कापडावर दाखवीत, तेव्हांहि सारें गांव जमत असे. कथा ही एकट्यानें गिळण्याची वस्तु नव्हे. ती पंक्तींत वाढण्याची आहे.

हलतीं चित्रें मुंबईंत प्रथम दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं, वॉटसन हॉटेलांत. आणि तीं फ्रान्स देशांतून आलेलीं होतीं. पुढें सुमारें पंधरा वर्षांनीं, १९११ च्या सुमारास, त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या एका चित्रगृहांत गेले. तेथें ख्रिस्ताचें चरित्र दाखविणारा एक परदेशी चित्रपट लागला होता. तो पाहून ते एकटेच तृप्त झाले नाहींत. त्यांनीं पत्नी सरस्वतीबाईंस नेऊन तो दाखविला. आपल्या प्रभूचें चरित्र पाहत असतां फाळक्यांच्या मनांत राम व कृष्ण ह्यांचीं चित्रें उभीं राहिलीं, हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. त्यांतून ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट लोकांपुढें आला. सरस्वतीबाईंनीं फिल्म धुण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या कामाचा भार उचलला.

फाळक्यांचा धर्म आपला नव्हे. तथापि त्यांच्या पाहण्याची रीत आपण शिकावी. त्यांनीं परदेशी चित्र पाहिलें, पण ते परदेशी झाले नाहींत. त्यांनीं पाहतांना मन जागें ठेविलें, घरच्या माणसांस बरोबर घेतलें, आणि जें पाहिलें त्यापासून स्वतःच्या हातांस काम लाविलें. आपण मात्र पुष्कळदां उलट करितों. मन निजवितों, एकटे बसतों, आणि उठल्यावर हातीं कांहीं उरत नाहीं.

दुसरी गोष्ट : सर्व पारखून पाहा, जें चांगलें तें बळकट धरा.

पौलानें थेस्सलनीकेच्या मंडळीस हेंच शिकविलें. जें पारखावयाचें, तें आधीं पाहावें लागतें. आणि जें पाहिलें, तें सारेंच घरांत ठेवावें असें नाहीं. मी येथें तीन पारखी सांगतों.

पहिली पारख ही कीं, पाश्चात्य तें ख्रिस्ती, असें समजूं नये. ही चूक आपले शेजारी करितात आणि आपलीं मुलेंहि करितात. परदेशी चित्रपटांत दारूचे पेले, उघडें अंग, नवराबायकोची फाटाफूट दिसली कीं शेजारी म्हणतो, पाहा हे तुमच्या धर्माचे लोक! आणि आपल्या तरुणास वाटतें कीं, गोऱ्या लोकांचा पोशाख व बोलणें उचललें म्हणजे आपण अधिक पुढारलेले ख्रिस्ती झालों. दोघेंहि फसतात. प्रभु येशू आशिया खंडांत, यहूदी घराण्यांत जन्मला. त्यानें गालीलांतील एका गांवीं सुतारकाम केलें. पेरणी, नांगर, मेंढरें, द्राक्षमळा, जातें, मीठ व खमीर ह्यांचे दाखले त्यानें दिले. कयाधूच्या कांठीं शेत करणाऱ्या माणसास ते दाखले समजावून सांगावे लागत नाहींत. मोठ्या शहरांतील माणसास मात्र सांगावे लागतात.

ही गोष्ट प्रभूविषयींचे चित्रपट पाहतांनाहि स्मरावी. ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ह्या १९७७ च्या मालिकेंत रॉबर्ट पॉवेल ह्या इंग्रज नटानें प्रभूची भूमिका केली, आणि त्याचे निळे डोळे कित्येकांच्या मनांत कायमचे बसले. लूकच्या शुभवर्तमानावरून १९७९ सालीं निघालेला ‘जीझस’ हा चित्रपट हजाराहून अधिक भाषांत बोलतो, मराठींतहि बोलतो. तो पाहून पुष्कळांनीं प्रभूची कथा प्रथमच ऐकिली आहे, ह्याबद्दल देवाची स्तुति असो. परंतु त्यांतील नटहि इंग्रजच होता. म्हणून पाहून झाल्यावर मुलांस सांगावें : बाळांनो, हा नट आहे, प्रभु नव्हे, प्रभूचें तोंड कसें होतें हें शास्त्रानें कोठेंहि वर्णिलेलें नाहीं. ‘बेन-हर’ ह्या १९५९ च्या चित्रपटांत दिग्दर्शकानें प्रभूचें मुख दाखविलेंच नाहीं. साखळदंडांनीं बांधलेल्या तहानेल्या कैद्यास नासरेथांत एक जण पाणी पाजतो. त्याची पाठ व त्याचे हात तेवढे आपणांस दिसतात. पुढें तोच कैदी, क्रूस वाहून नेणाऱ्यास पाणी देऊं पाहतो. मुख न दाखवितां तेथें बरेंच सांगितलें गेलें आहे.

दुसरी पारख ही कीं, चित्रपट म्हणजे शास्त्र नव्हे व इतिहासहि नव्हे. ‘द टेन कमांडमेंट्स’ हा १९५६ चा भव्य चित्रपट पावणेचार तासांच्या आसपास चालतो. समुद्र दुभंगतांना पाहून लहान मुलें श्वास रोधून बसतात. परंतु मिसराच्या राजकन्येचें मोशेवरील जें प्रेमप्रकरण त्यांत दाखविलें आहे, तें निर्गमाच्या पुस्तकांत नाहीं. तेव्हां चित्रपट पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं कौटुंबिक उपासनेंत निर्गमाचे अध्याय काढून वाचावे. कोणतें शास्त्रांतलें व कोणतें घातलेलें, हें शोधण्याची मुलांस मोठी हौस वाटते.

तसेंच ‘चॅरियट्स ऑफ फायर’ ह्या १९८१ च्या चित्रपटाचें आहे. एरिक लिडेल ह्या स्कॉटिश धावपटूनें १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत शंभर मीटरची शर्यत सोडली, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारीं होती. चित्रपटांत त्यास ही बातमी जहाजावर चढतांना कळते. वस्तुतः ती त्यास कित्येक महिने आधींच कळली होती. त्यानें दुसऱ्या शर्यतीची तयारी केली व चारशें मीटरमध्यें सुवर्णपदक मिळविलें. चित्रपटाची मुख्य कथा तेथें संपते. लिडेलची संपली नाहीं. तो पुढें चीन देशांत मिशनरी म्हणून गेला व १९४५ सालीं जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणींत मरण पावला. टाळ्या पडल्या तेथपर्यंतची गोष्ट पडदा सांगतो. टाळ्या थांबल्यावरची गोष्ट बापानें मुलांस सांगावयाची असते.

तिसरी पारख आपल्या मनाची. नग्नता दिसली कीं आपण लगेच मान वळवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु एक मनुष्य दुसऱ्याचा सूड घेतो, रक्त सांडतें, आणि आपण खाटेवर बसून समाधान पावतों, तेव्हां मान वळवितों काय? एखाद्या श्रीमंताचें घर, मोटार व दागिने दोन तास पाहिल्यावर आपलें कुडाचें घर, आपली बायको व आपली भाकर आपणांस नकोशी वाटूं लागते, तेव्हां पडदा बंद करितों काय? पौलानें फिलिप्पैकरांस चौथ्या अध्यायांत सांगितलेलें माप हेंच आहे : जें सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, त्याचें मनन करावें. मननानंतर मनुष्य उठून काय करितो, ह्यावरून चित्राची किंमत कळते.

तिसरी गोष्ट : जें पाहावयाचें तें घरानें मिळून पाहावें.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत इस्राएलांस आज्ञा झाली कीं, देवाचीं वचनें मुलांच्या मनांवर बिंबवावीं, आणि घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां त्यांविषयीं बोलत जावें. ही शाळा नव्हे. हा सहवास आहे. आज सर्वांत मोठें भय परदेशी चित्रपटाचें नाहीं. एकाच छपराखालीं चार माणसें चार निरनिराळे पडदे घेऊन बसतात, ह्याचें आहे. आजी दारांत एकटी बसते. मुलगा गोधडींत तोंड घालून काय पाहतो, हें कोणास ठाऊक नसतें. ज्या पापास उजेड सोसत नाहीं, तें अशाच ठिकाणीं वाढतें.

मिळून पाहण्याजोगें काय आहे, असें उपदेशक बंधु विचारतात. दोन उदाहरणें देतों.

चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ हा १९२१ चा मूक चित्रपट घ्या. त्यास भाषा लागत नाहीं. म्हणून आजी व नातू दोघेंहि एकाच क्षणीं हंसतात. एका भिकार फिरस्त्यास रस्त्यांत टाकून दिलेलें तान्हें मूल सांपडतें. तो तें प्रथम टाळूं पाहतो, मग पोटच्या पोरासारखें वाढवितो. सरकारी माणसें तें मूल हिसकावून नेतात, तेव्हां तो छपरांवरून धांवतो. हें पाहतांना डोळ्यांस पाणी येतें. त्याच चित्रपटांत तें पोर दगड मारून खिडक्यांच्या कांचा फोडतें व मागून फिरस्ता त्या बसवून पैसे मिळवितो; तेथें सारें घर हंसतें. हंसून झाल्यावर आईनें सहज विचारावें, हें बरोबर होतें का रे? त्या एका प्रश्नानें जें शिकविलें जाईल, तें तासभर रागावून शिकवितां येणार नाहीं.

दुसरें उदाहरण शेतकऱ्यांचें. अमेरिकेंत १९७४ ते १९८३ पर्यंत ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ नांवाची मालिका दाखविली गेली. तींत माळरानावरील एका गरीब कुटुंबाची कथा आहे. एका भागांत गारपिटीनें उभा गहूं झोडपला जातो. बाप पायीं चालत दूरवर मजुरी शोधावयास जातो व खाणींत दगड फोडण्याचें धोक्याचें काम पत्करितो. इकडे मागें राहिलेल्या बायका एकत्र होऊन जेवढें पीक वांचेल तेवढें गोळा करितात. ज्यांच्या शिवारांत गार पडली आहे, ज्यांचे भाऊ ऊसतोडीस अथवा वीटभट्टीवर गेले आहेत, त्यांस ही कथा परकी वाटेल काय? गोऱ्यांच्या देशांत सर्व सुखच आहे, हा भ्रम अशा चित्रानें दूर होतो. आणि संकटांत देवावर भरंवसा ठेवून एकमेकांस धरून राहणें हें सर्व देशांत सारखेंच कठीण व सारखेंच गोड आहे, हें कळतें.

आतां आचरणाच्या चार सूचना.

एक : चिन्ह वाचावयास शिका. चित्रपटांस सरकारी मंडळाचा दाखला असतो. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठीं. ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठीं. आणि मधल्या ‘यूए’ चे २०२३ च्या सुधारणेनें सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन भाग केले आहेत. इंटरनेटवरील चित्रपट व मालिका ह्यांसहि २०२१ च्या नियमांप्रमाणें अशीं वयाचीं चिन्हें द्यावीं लागतात, आणि तेरा वर्षांवरील चिन्हाच्या चित्रांस पालकांनीं कुलूप घालण्याची सोय ठेवावी लागते. ज्यास हें जमत नसेल त्यानें मंडळींतील शिकलेल्या तरुणास घरीं बोलावून तें कुलूप लावून घ्यावें. मात्र लक्षांत ठेवा : सरकारचें चिन्ह उंबरठा आहे, दारांत उभा राहणारा बाप नव्हे.

दोन : आईस चुलीपुढें ठेवून बाकीचीं पडद्यापुढें बसलीं, तर त्यास कुटुंब म्हणूं नये. भांडीं आधीं सर्वांनीं मिळून घासावीं, मग सर्वांनीं बसावें. ज्या आजीस हिंदी कळत नाहीं, तिच्याजवळ नातवानें बसून मराठींत सांगत जावें. ही लहानशी सेवा प्रभूच्या नजरेंतून सुटत नाहीं.

तीन : पाहून झाल्यावर लगेच उठूं नका. तीन प्रश्न विचारा. ह्यांत कोणतें माणूस तुला आवडलें व कां? कोणी चुकीचें केलें, पण आपणांस तें चांगलें वाटलें? ह्यांपैकीं कोणती गोष्ट आपल्या घरांत उद्यां करितां येईल? मग एक लहान प्रार्थना करून निजा. प्रार्थनेची वेळ चित्रपटासाठीं कधींहि मोडूं नका; चित्रपट अर्धवट राहिला तर राहूं द्या.

चार : उपदेशक बंधूंनो, न पाहतां कोणत्याहि चित्राविरुद्ध व्यासपीठावरून बोलूं नका. पौल अथेनै शहरांत फिरला, त्यांच्या पूज्य वस्तु लक्षपूर्वक पाहिल्या, आणि त्यांच्याच कवींचा आधार घेऊन त्यांस देवाविषयीं सांगितलें. दानिएल खास्द्यांची विद्या शिकला, पण राजाच्या ताटांतलें अन्न त्यानें नाकारलें. शिकणें कोणतें व विटाळणें कोणतें, हा भेद त्यास कळत होता. आपण केवळ नको म्हणत राहिलों, तर तरुण आपलें ऐकणार नाहींत, आणि जें नको तेंच आपल्यामागें पाहतील. त्यांच्याशेजारीं बसून पाहिलें, तर बंद कर म्हणण्याचा आपला शब्द एक दिवस ते ऐकतील.

बापांनो, शेवटीं तुम्हांस विनंति आहे. ज्या दिवशीं हा अंक तुमच्या हातीं येईल, त्या रात्रीं आपल्या मुलाजवळ जाऊन बसा आणि विचारा, तूं काय पाहतोस तें मलाहि दाखव. तो दचकेल, कदाचित्‌ मोबाइल लपवील. रागावूं नका, उठूंहि नका. जो बाप उधळ्या मुलासाठीं वाटेकडे डोळे लावून बसला होता, त्याला मुलाच्या शेजारीं बसणें अपमानाचें वाटलें नसतें. अबोला मोडण्याचें काम थोरल्यांचें आहे, कारण देवानेंच आपणांशीं प्रथम बोलणें आरंभिलें.

ज्या देवानें डोळे घडविले, तो आपले डोळे निर्मळ ठेवो. ज्यानें घरें बांधिलीं, तो आपल्या घरांत वास करो. आणि हंसतां, रडतां, पाहतां व बोलतां आपणां सर्वांस एकमेकांजवळ व आपणाजवळ ठेवो. आमेन.